मराठवाड्याच्या उन्हात कोणत्या जातीचा ससा टिकेल?

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात : आम्ही अंबाजोगाई तालुक्यात शेतातच राहतो. माझा मुलगा पाचवीत आहे आणि दिवाळीपासून त्याने सशाचा हट्ट धरला आहे. मोबाईलवर पाहिलेला, कापसाच्या बोंडासारखा फुललेला लांब केसांचा अंगोरा ससाच त्याला हवा आहे. त्यातच माझ्या धाकट्या दिरांनी सशांच्या ‘युनिट’चा एक कागद आणला आहे. सात माद्या, तीन नर, पिंजरे आणि पिल्ले परत विकत घेण्याची हमी, असे त्यात आहे. एका मादीपासून वर्षाला ६४ पिल्ले मिळतील, असेही लिहिले आहे. न्यूझीलंड व्हाईट, सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट, डच अशी जातींची नावे आहेत. आमचा पत्र्याचा गोठा मोकळाच आहे. यातली कोणती जात घ्यावी? आणि शेतातला ससा धरून पाळला तर चालणार नाही का, असे मुलगा विचारतो, त्याला काय सांगू?

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण जातींची नावे विचारली आहेत, परंतु आपले पत्र वाचताना माझी नजर अडकली ती ‘पत्र्याचा गोठा’ या दोन शब्दांवर. पशुवैद्यकीय दवाखान्यात तीस वर्षे काढल्यावर मला असे ठामपणे वाटते की, आपल्या भागात सशाची जात निवडताना रंग, डोळे आणि केस यांच्याआधी एप्रिल-मेचे ऊन विचारात घ्यावे लागते. सशाला साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पारा ३० च्या वर गेला की त्याला त्रास होऊ लागतो आणि ३५ च्या पुढे त्याच्या जिवाला धोका असतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा बऱ्याचदा ४० च्या घरात असतो, परभणी-नांदेडकडे तो ४३-४४ लाही टेकतो आणि पत्र्याखाली तर त्याहून अधिक होरपळ होते. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही आणि कुत्र्याप्रमाणे जीभ बाहेर काढून धापा टाकत तो अंगातली उष्णता फारशी बाहेर टाकू शकत नाही. त्याची मुख्य भिस्त असते ती कानांवर. कानांच्या पातळ कातडीखालून वाहणारे रक्त हवेने निवते आणि तेवढाच त्याला गारवा मिळतो.

पाळीव सशांच्या सगळ्या जाती स्पेन-पोर्तुगालकडच्या एकाच रानटी सशापासून माणसाने तयार केल्या आहेत. तो रानटी ससा दिवसभर जमिनीतल्या बिळात गारव्याला बसतो आणि पहाटे व तिन्हीसांजेला चरायला बाहेर पडतो. आपण त्याच्या वंशजाला तारेच्या पिंजऱ्यात ठेवतो, म्हणजे त्याचे बीळ काढून घेतो. म्हणून कोणत्याही जातीविषयी मी तीनच गोष्टी आधी पाहतो : अंगावर केस किती, शरीर केवढे आणि कान कसे. आपल्या यादीतली नावे या कसोटीवर लावून पाहू.

मुलाच्या मनातल्या अंगोरापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. नोकरीच्या मधल्या काळात मी परभणीला असताना, एका मे महिन्यात दुपारी एक मुलगी आपल्या वडिलांबरोबर कापडी पिशवीत दोन अंगोरा ससे घेऊन आली. थंड हवेच्या ठिकाणाहून कोणीतरी हौसेने आणलेली ती भेट होती. सकाळपासून वीज गेलेली होती. त्यातल्या एकाचे कान मी हातात धरले, तर नुकत्याच उतरवलेल्या तव्याच्या मुठीसारखे ते चटका देत होते. हनुवटी लाळेने भिजली होती आणि नाकपुड्या भराभरा उडत होत्या. अंगाला बोट लावायला गेलो तर बोट कातडीपर्यंत पोचेना, कारण केसांची नमद्यासारखी घट्ट गादी झाली होती. आम्ही कात्रीने ती गादी कापत गेलो, माठातले पाणी कापसाने कानांना लावत राहिलो. एक वाचला. दुसरा त्या मुलीच्या मांडीवरच गेला. त्या दिवसापासून मराठवाड्यात अंगोरा पाळण्याचा सल्ला मी कोणालाही दिलेला नाही.

अंगोरा हे नाव तुर्कस्तानातल्या अंकारा शहरावरून आले आणि ही जात मुळात लोकरीसाठीच वाढवली गेली. तिचा केस महिन्याला साधारण अडीच सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे दर अडीच-तीन महिन्यांनी लोकर कातरावी लागते आणि मधल्या काळात रोज विंचरावे लागते. ससा स्वतःला चाटतो, केस पोटात जातात, आणि सशाला उलटी होत नसल्यामुळे चारा कमी पडला की तेच केस आत अडकून बसतात. राजस्थानातल्या अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे अंगोरावरील काम हिमाचल प्रदेशात, कुलू जिल्ह्यातल्या गडसा येथे चालते, त्यामागे कारण हवामानाचेच आहे. आपल्या मुलाला हे असेच सांगा. पाचवीतल्या मुलाला एखाद्या प्राण्याचे दुःख समजते आणि समजल्यावर तो हट्ट सोडतो, असा माझा अनुभव आहे.

घरात एक-दोन ससे पाळायचे असतील, तर यादीतले डच हे नाव मला पसंत आहे. हा ससा लहानखुरा, दोन ते अडीच किलोचा, आखूड केसांचा आणि स्वभावाने बहुधा शांत असतो. नाव डच असले तरी तो आजच्या रूपात घडला तो १९ व्या शतकात इंग्लंडमध्ये. त्याची ओळख पटवणे सोपे आहे : कपाळावरून नाकाकडे उतरणारा पांढरा पट्टा, खांद्यांभोवती पांढरा शेला घेतल्यासारखा भाग, मागचा अर्धा देह काळा किंवा तपकिरी आणि मागच्या पावलांना पांढरे मोजे. तथापि शुद्ध डच आपल्याकडे सहज मिळत नाही आणि तो न मिळाल्यास खंत करू नये. आठवडी बाजारात किंवा शहरातल्या दुकानात मिळणारा मिश्र रक्ताचा, आखूड केसांचा, उभ्या कानांचा, दोन-अडीच किलोचा साधा ससा इथेच दोन-चार पिढ्या वाढलेला असेल, तर मुलाच्या सोबतीला तो तितकाच चांगला, किंबहुना अधिक काटक निघतो.

दुकानात मात्र आपल्याला ‘ड्वार्फ’ किंवा ‘मिनी’ म्हणून मूठभर पिल्लू दाखवले जाईल. नेदरलँड ड्वार्फ ही खरी बुटकी जात आहे आणि तिचे पूर्ण वाढलेले जनावर एक किलोच्या आसपासच असते. पण आपल्याकडे या नावाने बऱ्याचदा तीन-साडेतीन आठवड्यांचे, आईपासून वेळेआधी तोडलेले साध्या सशाचे पिल्लू विकले जाते. सहा आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊच नये. त्याच्या आतड्यांना चाऱ्याची सवय झालेली नसते आणि प्रवासाने, पिंजरा बदलल्याने हगवण लागून ते चार दिवसांत दगावते. खऱ्या ड्वार्फ जातीतही तोंड फार आखूड झाल्यामुळे वरचे-खालचे दात बऱ्याचदा एकमेकांवर नीट बसत नाहीत. सशाचे दात जन्मभर वाढतात, वर्षाला दहा-बारा सेंटीमीटर. ते घासले गेले नाहीत तर वळून हिरडीत आणि गालात रुततात. लोंबत्या कानांच्या लॉप जाती फार लोभस दिसतात, पण कानाची नळी दुमडून अरुंद झाल्यामुळे आत मळ आणि पू साठण्याचा धोका त्यांना अधिक असतो. जवळपास सशांची माहिती असलेला डॉक्टर नसेल, तर या दोन्हींपासून दूर राहणे बरे.

मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला आवडेल असे आहे. तुरीच्या पाट्यात किंवा ऊसतोडीच्या वेळी फडात दिसणारा आपला रानससा आणि पिंजऱ्यातला पाळीव ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. रानसशाचे पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मते आणि काही वेळातच उड्या मारू लागते; पाळीव सशाचे पिल्लू उघडेनागडे, डोळे मिटलेले असते आणि आईने स्वतःच्या पोटाचे केस उपटून केलेल्या गादीत पडून राहते. पाळीव सशाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात, रानसशाच्या पेशीत ४८, म्हणून त्यांचा संकरही होत नाही. रानससा धरणे आणि पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय तो बंदिवासात घाबरून अन्न सोडतो. फडात एकटे पिल्लू दिसले तर ते अनाथ समजून घरी आणू नये, कारण त्याची आई दिवसभर दूर राहते आणि अंधार पडल्यावर दूध पाजायला येते.

आता भाऊजींच्या कागदाकडे वळतो. इथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण यात आपल्या घरचा पैसा गुंतणार आहे.

न्यूझीलंड व्हाईट ही मांसासाठीची जगभर मान्य झालेली जात आहे. ती न्यूझीलंडची नसून अमेरिकेत तयार झाली. शुभ्र अंग, लालसर डोळे, भरलेली पाठ आणि चार ते पाच किलो वजन ही तिची लक्षणे. आपल्याकडे अडचण अशी की, पांढऱ्या अंगाचा आणि लाल डोळ्यांचा प्रत्येक ससा याच नावाने विकला जातो. पांढरा रंग आणि लाल डोळे हे केवळ रंगद्रव्याच्या अभावाचे लक्षण आहे, ते दोन किलोच्या मिश्र सशातही दिसते. म्हणून पिल्लू पाहून सौदा करू नये. त्याची आई आपल्यासमोर काट्यावर तोलायला सांगावी. पूर्ण वाढलेली मादी साडेतीन किलोच्या आत भरली तर नाव काहीही सांगोत, ती ती जात नव्हे. याच जातीच्या रक्तातून १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियन ही जात घडवली गेली. तिचे अंग पांढरे असून नाक, कान, पाय आणि शेपूट तेवढे काळे असतात. हा काळा रंग अंगाच्या थंड भागांवरच धरतो, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात तो फिका पडतो आणि हिवाळ्यात पुन्हा गडद होतो. नाकावरचा काळेपणा उडालेला पाहून ससा अशुद्ध ठरवू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

सोव्हिएत चिंचिला मला या सगळ्यांत अधिक देखणी वाटते. चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतला मऊ केसांचा, उंदरासारखा कुरतडणारा लहानसा प्राणी, त्याच्या अंगासारखा रंग म्हणून हे नाव. हिची परीक्षा डोळ्यांनी आणि फुंकरीने करता येते. पाठीवरचे केस फुंकर घालून विलग केले की फुलासारखे गोल भोवरे पडतात आणि त्यात एकाच केसावरचे पट्टे स्पष्ट दिसतात : बुडाशी पाटीसारखा निळसर राखाडी, मध्ये मोत्यासारखा पांढरा, टोकाला काळा. नुसता राखाडी असलेल्या सशात असे पट्टे दिसणार नाहीत. वजन साडेचार-पाच किलोपर्यंत जाते, अंगावर केस मात्र दाट असतात आणि उन्हाळ्यात तेच नडतात. व्हाईट जायंट आणि सोव्हिएत चिंचिला यांच्या पैदाशीसाठी वर उल्लेखिलेल्या संस्थेचे दक्षिणेतले केंद्र तमिळनाडूत कोडाईकनालच्या डोंगरात, मन्नवनूर येथे आहे. त्या हवेत मिळणारे आकडे आपल्या पत्र्याखाली मिळतील असे धरून चालणे चूक ठरेल.

ग्रे जायंट आणि तत्सम थोराड जाती आपल्यासाठी मला योग्य वाटत नाहीत. देह जितका मोठा तितकी आतली उष्णता बाहेर पडायला अवघड, आणि पाच-सहा किलोचे वजन तारेच्या जाळीवर सतत पडल्यामुळे मागच्या पायांच्या तळव्यांना जखमा होऊन त्या चिघळतात. मखमली केसांच्या रेक्स जातीला तळव्यावरचे केस विरळ असल्यामुळे हाच त्रास लवकर होतो.

कागदावरच्या ६४ पिल्लांचा हिशेब आठ वेतांना प्रत्येकी आठ, असा केलेला दिसतो. सशाचा गाभणकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो. वर्षात आठ वेत हवे असतील तर दर ४५ दिवसांनी मादी व्यायली पाहिजे, म्हणजेच पिल्ले अंगावर पीत असताना चौदाव्या-पंधराव्या दिवशी ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. एखाद-दुसऱ्या वेळी हे घडेल. वर्षभर असे करणे म्हणजे मादीचा जीव घेणे होय. त्याहून मोठी गोष्ट कागदात आलेलीच नाही : कडक उन्हाळ्यात नराचे वीर्य निकामी होते आणि पाऊस पडून हवा निवली तरी ते पूर्ववत व्हायला दीड-दोन महिने लागतात. त्यामुळे एप्रिल ते जुलै हे चार महिने आपल्या भागात पैदाशीच्या दृष्टीने कोरडे धरावेत. माझा हिशेब चार वेतांचा आणि वेतामागे दूध तुटेपर्यंत जगणाऱ्या सहा पिल्लांचा, म्हणजे मादीमागे २४ चा आहे. सात माद्यांची ती १६८ होतात. कागदाप्रमाणे ४४८ व्हायला हवीत. कर्जाचा हप्ता कोणत्या आकड्यावर बेतायचा, हे भाऊजींनी आपणच ठरवावे.

आणि ती १६८ पिल्ले घेणार कोण? परतखरेदीची हमी देणारा बाजूला झाला तर अंबाजोगाई, केज, लातूर या बाजारांत सशाला नियमित गिऱ्हाईक आहे का, याची चौकशी भाऊजींनी स्वतः चार ठिकाणी उभे राहून करावी. कडकनाथ कोंबडीच्या अशाच करारांत २०१९ साली राज्यातल्या अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले होते, ही आठवण ताजी आहे. सात माद्या आणि तीन नर एकाच आईबापाची भावंडे नाहीत, याची नोंदवहीही मागावी. ती नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत पिल्ले दुबळी निघू लागतात. भाऊजींना खरोखर आवड असेल, तर त्यांनी युनिट न घेता दोन माद्या आणि दुसऱ्या ठिकाणाहून आणलेला एक नर, न्यूझीलंड व्हाईटचा, एवढ्यावर एक वर्ष काढावे आणि तत्पूर्वी कृषी विज्ञान केंद्रात व परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन बोलावे.

कोणताही ससा घेताना त्याच्या पुढच्या पायांच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवून पाहा. तिथले केस चिकटून गुंता झालेला असेल, तर तो वारंवार नाक पुसतो आहे, म्हणजे त्याला वाहत्या नाकाचा जुनाट संसर्ग आहे. कानात तपकिरी पापुद्र्यांचे थर दिसले तर ती खरूज. कुत्र्याच्या गोचिडांवरचे फिप्रोनिलचे औषध सशाला कधीही लावू नये, ते त्याला विषासारखे आहे. पेनिसिलिन गटातली औषधेही त्याला तोंडाने दिली तर पोटातले उपयुक्त जंतू मरून तो दगावतो, म्हणून घरातल्या गोळीचा तुकडा देण्याचा मोह टाळावा. मुलासाठी दोन ससे घ्यायचे असल्यास नर-मादीची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या, कारण लहान वयात ओळखण्यात चूक होते आणि दोन माद्या म्हणून आणलेल्या जोडीला सहा महिन्यांत पिल्ले होतात. ससा कान धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली घ्यावा. हातातून झटका मारताना त्याच्या पाठीचा कणा मोडू शकतो, म्हणून मुलाने जमिनीवर बसूनच त्याच्याशी खेळावे.

चाऱ्याची आपल्याकडे अडचण नाही. मारवेल, हराळी आणि इतर वाळलेले गवत हे मुख्य अन्न, त्याबरोबर थोडा लसूणघास आणि शेवग्याचा पाला. कोवळी ज्वारी देऊ नये. जनावरांना जिच्यामुळे किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती सशालाही घातकच. कापसावर फवारणी झालेल्या बांधाचे गवतही नको. पहाटे तो आपल्याच मऊ लेंड्या खाताना दिसेल, तेव्हा घाबरू नका. त्यातून त्याला जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात.

राहता राहिला गोठा. आपल्या घराला जुने माळवद असेल, तर ससा ठेवायला त्या खोलीइतकी चांगली जागा नाही. गोठाच वापरायचा असेल, तर पत्र्यावर कडब्याचा हातभर थर, पश्चिमेच्या बाजूला ओले गोणपाट आणि प्रत्येक पिंजऱ्यात मातीचा आडवा माठ, म्हणजे त्यात शिरून त्याला बिळासारखे बसता येईल, एवढे तरी हवे. परंतु आत्ता, एप्रिलच्या तोंडावर, ससा आणूच नका. साधा तापमापक विकत घेऊन तो पिंजऱ्याच्या उंचीवर टांगा आणि मे महिनाभर रोज दुपारी तीन वाजता दिसेल तो आकडा मुलाला वहीत लिहायला सांगा. ती वही पावसाळ्यात मला पाठवा. दुपारचा आकडा ३२-३३ च्या आत राखता आला असेल, तर दिवाळीनंतर ससा आणता येईल, आणि तो कोठून घ्यावा हे मी आपल्याला तेव्हा कळवीन.